क्लॉक वाढवला म्हणून अख्खी वॉरंटी कशी जाते?

चोपड्यात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. मोबाइल हा माझा प्रांत नाही. पण गणपतीच्या दिवसांत अमळनेरचा भाचा त्याचा फोन घेऊन आला आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून निघत नाही.

फोन खास गेम खेळायला घेतलेला, चांगलाच महाग, वॉरंटीचे चार महिने शिल्लक. चार्जिंगची पिन ढिली झाली होती. केबल एका बाजूला दाबून धरली तर चार्जिंग सुरू, बोट काढलं की बंद. जळगावच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्या मुलाने फोन कॉम्प्युटरला लावला, तर कनेक्शनच होईना. मग त्याने केबल अंगठ्याने दाबून धरली, दुसऱ्या हाताने माउस फिरवला, स्क्रीनवर दोन ओळी वाचल्या आणि फोन परत सरकवला. "सर, बूटलोडर अनलॉक आहे. वॉरंटी व्हॉइड." बूटलोडर म्हणजे फोन सुरू करणारं सॉफ्टवेअर; त्यावरचं कंपनीचं कुलूप उघडलेलं होतं. भाच्याने हिवाळ्यात कस्टम कर्नल, म्हणजे कंपनीचं नसलेलं मूळ सॉफ्टवेअर, टाकून ग्राफिक्स चिपचा क्लॉक, म्हणजे तिचा वेग, वाढवला होता. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पोरगं सरळ, विचारल्यावर कबूलही करून बसलं. मग तर विषयच संपला.

त्या मुलाने स्वतःच्या अंगठ्याखाली दोष धरून ठेवला होता आणि वॉरंटी नाकारण्याचं कारण मात्र तो स्क्रीनवर शोधत होता. भाचा दुकानात येऊन मला एवढंच म्हणाला, "मामा, पिनना नि क्लॉकना काय संबंध शे?"

संबंध नाही. पिन झिजते ती केबल घालून-काढून, खिशातल्या धुळीने, नाहीतर ती मुळातच कच्ची बसवलेली असते. क्लॉकने पिन ढिली होत नाही, स्पीकर फाटत नाही, आवाजाचं बटण आत रुतत नाही. तरी बहुतेक वॉरंटी कार्डांवर जे छापलेलं असतं त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की एका जागी हात लावलात तर सगळीकडची जबाबदारी संपली. ही पद्धत चुकीची आहे असं मला वाटतं, आणि का वाटतं ते माझ्या धंद्यातूनच सांगतो.

शेतकरी जळालेली मोटर आणतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, कशाने जळाली?" मी लगेच तोंड उघडत नाही. झाकण काढतो, रोटर म्हणजे फिरणारा भाग बाहेर घेतो, स्टेटर म्हणजे कॉइलींचा स्थिर भाग दाराशी उजेडात धरतो. जळालेली कॉइल सगळं बोलते. स्टार जोडणीच्या मोटरीला चालू असताना एक फेज मिळेनाशी झाली, तर दोन फेजच्या कॉइली कोळसा होतात आणि तिसरीवर वार्निशची चकाकी तशीच राहते. गोल फिरवून बघितलं की काळं, काळं, तांबूस असा पट्टा फिरलेला दिसतो. कमी व्होल्टेजवर तासन्‌तास ओढली असेल तर तिन्ही फेज सारख्या करपतात. बेअरिंग गेलं असेल तर रोटर घासल्याच्या रेघा आतल्या पत्र्यांवर उमटलेल्या असतात. आणि बाकी सगळं वाइंडिंग कोरं करकरीत, पण एकाच कॉइलला वाटाण्याएवढं भोक असेल, तर बहुतेक वेळा दोष वाइंडिंग करणाऱ्याचा असतो. मोटर नवी असेल तर कंपनीचा, माझ्याकडून गेलेली असेल तर माझा. मग मी निमूटपणे फुकट भरून देतो.

आमच्या भागात ओव्हरक्लॉकिंगही जुनंच आहे, फक्त त्याला हे नाव नव्हतं. रात्रीची लाइट, व्होल्टेज कमी, केळी तहानलेली. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले दर अर्ध्या तासाला ट्रिप होतो आणि शेतकऱ्याला दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागतं. तिसऱ्या रात्री तो रिले बांधून टाकतो. ट्रॅक्टरवाले इंजिनच्या डिझेल पंपाचं सील तोडून डिझेल वाढवतात, कापसाची ट्रॉली चढावर ओढावी म्हणून. दोन्ही ठिकाणी कंपनीने घातलेली मर्यादा मालकाने ओलांडलेली असते. अशी मोटर जळाली तर कंपनी भरपाई देत नाही, आणि कोणी मागतही नाही. मागायला गेलेला माणूस पारावर थट्टेचा विषय होतो. पण रिले बांधलेल्या एका पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं चाक, ओतकामातच चिरलेला निघाला होता, तेव्हा कंपनीच्या माणसाने रिलेकडे पाहिलं, इंपेलरकडे पाहिलं आणि इंपेलर बदलून दिला. मोटरच्या धंद्यात हे कोणाला विशेष वाटलं नाही.

आता फोनच्या आत काय होतं ते बघू, कारण ओव्हरक्लॉकिंग हा पोरखेळ आहे असं मला म्हणायचं नाही. चिपमध्ये सेकंदाला कोट्यवधी ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्याला काम एक पाऊल सरकतं. ठोके वाढवले की वीज त्याच प्रमाणात जास्त लागते. पण पळताना चिप अडखळू नये म्हणून व्होल्टेजही वाढवावं लागलं, तर ते वर्गाच्या हिशोबाने अंगावर येतं. क्लॉक २० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर १.२ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे जवळपास ४५ टक्के जास्त वीज आणि तेवढीच जास्त उष्णता. ती जायला बहुतेक फोनांत पंखा नाही, आणि चिपला लागूनच लिथियमची बॅटरी, जिला उष्णतेचं वावडं. वर्षानुवर्षं जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान राहिलं तर चिपमधल्या केसाहून हजारो पट बारीक तारांमधले धातूचे अणू सरकत जातात आणि एक दिवस तार तुटते. ओव्हरक्लॉकिंगने काहीच होत नाही, असं छातीठोक सांगणाऱ्या पोरांवर विश्वास ठेवू नये.

पण कंपनीने लिहिलेला आकडा म्हणजे ब्रह्मदेवाची रेघ, हेही खरं नाही. केळीच्या बाजारात जशी नवती, पिलबाग, वापसी अशी प्रत लागते, तशी चिपांनाही लागते. एकाच चकतीतून कापलेल्या चिपा सारख्या निघत नाहीत. कारखान्यात त्या तपासतात, वेगवेगळ्या ढिगांत टाकतात, आणि एका ढिगाला जो वेग लिहून देतात तो त्यातल्या सगळ्यात अशक्त चिपलाही झेपेल असा असतो. त्यातली दणकट निघाली तर ती जास्त पळू शकते. हे कंपन्यांना आपल्याआधी माहीत असतं. २०१९ मध्ये चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने फोनच्या स्नॅपड्रॅगन ८५५ या चिपची 'प्लस' आवृत्ती काढली. मुख्य गाभ्याचा वेग २.८४ वरून २.९६ गिगाहर्ट्झ. २०२३ मध्ये सॅमसंगच्या एस २३ मालिकेसाठी स्नॅपड्रॅगन ८ जेन २ ची खास आवृत्ती आली, ३.२ ऐवजी ३.३६. घराणं तेच, ठोका वाढवलेला, वर पूर्ण वॉरंटी आणि जाहिरात. कंपनीने केलं तर 'प्लस', भाच्याने केलं तर 'व्हॉइड'.

हातात धरून खेळायच्या यंत्रांमध्ये याहून मजेशीर उदाहरण सोनीच्या पीएसपीचं. आतला प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झने चालू शकत होता, पण सुरुवातीची काही वर्षं गेम बनवणाऱ्यांना २२२ चीच परवानगी होती. २००७ मध्ये एका सॉफ्टवेअर अपडेटने सोनीने ते कुलूप काढलं. लोकांच्या हातातली तीच यंत्रं, त्याच बॅटऱ्या; एका रात्रीत मर्यादा दीडपट. त्याच्या आदल्या दिवशी कोणी स्वतः ३३३ वर नेलं असतं तर तो नियम मोडणारा ठरला असता.

कंपनी उलट्या दिशेलाही जाते. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलने मान्य केलं, की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला जात होता. कारण खरं होतं. दमलेली बॅटरी झटक्यात वीज देऊ शकत नाही आणि फोन मध्येच बंद पडतो. पण मालकाला न विचारता केलं, म्हणून बोंब झाली. विकून झालेल्या वस्तूच्या ठोक्याला विक्रीनंतर हात लावायचा हक्क कंपनी स्वतःकडे ठेवते, हे एकदा लक्षात आलं की मालकाने हात लावला तर सगळंच रद्द, हे कलम जरा वेगळं दिसायला लागतं.

आणि आमच्या उन्हाचं काय? ॲपल आयफोनसाठी वापराचं तापमान शून्य ते ३५ अंश सांगतं. निन्टेंडोच्या स्विच या गेमच्या यंत्रासाठी ५ ते ३५. हा आकडा वाचून मी मोठ्याने हसलो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत भर दुपारी रस्त्यावर खिशातून काढलेला प्रत्येक फोन कागदोपत्री मर्यादेबाहेरच वापरला जातो. कंपन्या हे जाणतात आणि इथे बिनधास्त विकतात. उन्हाची मर्यादा ओलांडली म्हणून कोणी खान्देशची वॉरंटी रद्द केलेली नाही. फोन तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, स्क्रीन मंद करतो, फारच झालं तर बंद पडतो. ही सोय आत आहे म्हणूनच कंपनी निवांत असते. साधं ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्या फोनातही हीच सोय जागेवर असते. वेग वाढवला तरी चिप ठरलेल्या तापमानाला पोहोचली की पुन्हा खाली येते.

इथे भाच्याच्या गोष्टीतला एक तपशील सांगायचा राहिला. उन्हाळा लागल्यावर फोन हातात धरवेना, म्हणून त्याने त्याच कर्नलमधून क्लॉक कंपनीच्या आकड्याहूनही खाली आणला होता. व्होल्टेजही थोडं उतरवलं. म्हणजे अख्खा वैशाख आणि ज्येष्ठ त्याचा फोन कंपनीच्या हिशोबापेक्षा थंड चालला. सर्व्हिस सेंटरच्या स्क्रीनवर याचा मागमूस नव्हता. तिथे दिसत होतं ते एवढंच, की कुलूप उघडलेलं आहे. जास्त पळवणारा, कमी पळवणारा आणि नुसताच उघडून ठेवणारा, तिघांना एकच शिक्षा.

म्हणजे कंपनी ओव्हरक्लॉकिंग तपासतच नाही. ती कुलूप तपासते. सॅमसंगच्या नॉक्स या सुरक्षा-व्यवस्थेत यासाठी चिपवरच एक फ्यूज असतो. अनधिकृत सॉफ्टवेअर टाकलं की शून्याचा एक होतो आणि पुन्हा कधी शून्य होत नाही. पडद्यावर त्या ओळीचं नावच 'वॉरंटी व्हॉइड' असं असायचं. बँकेच्या ॲपच्या सुरक्षिततेसाठी असा फ्यूज ठेवायला माझी हरकत नाही. पण तो किती व्होल्टेज दिलं, किती तास, किती तापमानाला, यातलं काहीच सांगत नाही. ट्रॅक्टरला तासांचा मीटर असतो. तो बघून किती चालला ते कळतं. दाराचं सील तुटलंय एवढं बघून इंजिन खराब झाल्याचा निकाल कोणी देत नाही.

याहून शहाणी वाट दोघांनी दाखवली आहे. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या कार्डाएवढा संगणक आहे. आमच्या पंप-कंट्रोलर बनवणाऱ्या पोरांकडे तो मी पाहिलाय. २०१२ च्या सप्टेंबरात तो संगणक बनवणाऱ्यांनी 'टर्बो मोड' दिला. ७०० मेगाहर्ट्झचं यंत्र १ गिगाहर्ट्झपर्यंत न्या, वॉरंटी कायम. चिप ८५ अंशांना पोहोचली की वेग आपोआप खाली. मात्र तापमान न बघता सतत वेग लादायचा आणि वर जास्तीचं व्होल्टेजही द्यायचं ठरवलं, तर चिपवर कायमची खूण पडेल आणि वॉरंटी जाईल. म्हणजे रेघ कुठे आहे, ती ओलांडली की काय होईल, हे आधीच सांगितलं. मला हे पंपावर 'इथपर्यंत स्क्रू फिरवा' अशी खूण करून देण्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट २०२३ ची. एएमडीच्या थ्रेडरिपर ७००० प्रोसेसरमध्ये ओव्हरक्लॉकिंग सुरू केलं की फ्यूज उडतो, अशी चर्चा झाली तेव्हा कंपनीने खुलासा केला: हो, फ्यूज आहे, पण तो उडाल्याने वॉरंटी रद्द होत नाही, ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसणार नाही, बाकीचे असंबंधित दोष बसू शकतात. हे मोठ्या टेबलावरच्या, लाखांत किंमत असलेल्या चिपबद्दल होतं. माझं म्हणणं तंतोतंत तेच आहे, फक्त ते हातातल्या वस्तूलाही लागू करा.

कायद्याकडे वळतो. मी वकील नाही, एका वकील मित्राकडून कलमं वाचून घेतली. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात 'अनुचित करार' ही कल्पना आली. ग्राहकाने करार मोडल्याने समोरच्याचं जेवढं नुकसान झालं त्याच्या अजिबात प्रमाणात नसलेला दंड लावणं, हा त्यातला एक प्रकार. क्लॉक वाढवला, त्याने काही बिघडलं नाही, तरी पुढच्या चार महिन्यांत पिन, स्पीकर, कॅमेरा सगळ्यांची हमी गेली, हे माझ्या मते या वाक्यात बरोबर बसतं. गंमत अशी, की करार अनुचित आहे ही तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. चार्जिंगच्या पिनेसाठी कोण जाणार? सदोष वस्तूची साधी तक्रार मात्र जळगावात करता येते, वस्तू ५ लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, आणि दोष नजरेने ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची तरतूद कलम ३८ मध्ये आहे. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघावा. कधीकधी तेवढ्यानेही काम होतं.

त्याच कायद्याचं कलम ८७ कंपनीच्या बाजूचे लोक दाखवतात. वस्तूत बदल केला असेल किंवा तिचा गैरवापर झाला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा दावा चालत नाही. पण ते प्रकरण सदोष वस्तूमुळे माणसाला किंवा दुसऱ्या मालमत्तेला इजा झाली तर भरपाई कोणी द्यायची, याचं आहे. ढिली पिन बदलून देण्याशी त्याची गल्लत करू नये.

मला जास्त पटलेला दाखला विम्यातला आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण होतं. खासगी वापराचा विमा असलेली गाडी भाड्याने चालवली जात होती आणि ती चोरट्यांनी पळवली. विमा कंपनी म्हणाली, अट मोडली, पैसे नाहीत. न्यायालयाने म्हटलं, गाडी चोरीला जाण्याशी ती कशी वापरली याचा संबंध लावता येणार नाही. दावा पूर्ण फेटाळता येत नाही, ७५ टक्के द्या. अट मोडली हे न्यायालयाने नाकारलं नाही, त्याबद्दल २५ टक्के कापले. पण मोडलेल्या अटीने नुकसान झालं का, हा प्रश्न विचारला. आणि वगळलेल्या जोखमीचं कलम लागू होतं हे विमा कंपनीने सिद्ध करायचं, हे तर विम्यात मुरलेलं तत्त्व आहे. वॉरंटी म्हणजे वस्तूच्या किमतीत आधीच भरलेला छोटा विमाच. तिथेही ओझं कंपनीवर का नको? अमेरिकेत १९७५ पासून वॉरंटीचा कायदा आहे आणि त्याच्या आधारे तिथल्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना पत्रं पाठवली, सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो त्यात होत्या. स्टिकर फाटलं की वॉरंटी गेली, दुसऱ्याचा सुटा भाग वापरला की वॉरंटी गेली, असं सरसकट लिहू नका, असा त्यांचा रोख होता.

आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती उपकरणं, वाहनं. माझा पंप आणि भाच्याचा फोन सरकारने एकाच यादीत बसवला याचं मला बरं वाटलं. पण दुरुस्तीचा हक्क बिघडल्यानंतरचा आहे. न बिघडलेल्या वस्तूला आपल्या गरजेप्रमाणे वळवण्याचा विषय त्याच्या शेजारचा, आणि तो अजून बाकी आहे.

आता उलट बाजू, आणि ती मला माझ्याच दुकानात भेटली. मी हे सगळं तावातावाने बोलत असताना भाच्याने गल्ल्यावरचं बिलबुक उचललं, खालची ओळ वाचली आणि माझ्याकडे फिरवलं. "मोटर इतरत्र उघडल्यास गॅरंटी राहणार नाही." वडिलांच्या काळापासून छापत आलोय.

ती ओळ का आहे ते मला माहीत आहे. एकाने माझ्याकडून भरून नेलेली मोटर आवाज करते म्हणून गावातल्या कोणाकडून बेअरिंग बदलून घेतलं. त्याने हातोडीने ठोकताना कॉइलच्या टोकाला मार बसला. आठ दिवसांत मोटर जळाली आणि गिऱ्हाईक माझ्या दारात. मी मार दाखवला, त्याला पटेना; भांडण ऐकायला अर्धा बाजार जमला. अशा दिवशी ती छापील ओळ फार उपयोगाची असते. कंपनीचं तर दिवसाला हजारो फोनांशी काम, आणि काउंटरवरच्या मुलाला एका फोनला दहा मिनिटं. प्रत्येकाची चौकशी करायची तर खर्च वाढतो, तो शेवटी सगळ्यांच्या किमतीत चढतो, आणि ज्याने आयुष्यात क्लॉक हा शब्द ऐकला नाही त्याने माझ्या भाच्याच्या हौसेचे पैसे का भरावेत? हा प्रश्न खोटा नाही. शिवाय मोटरची कॉइल डोळ्यांना दिसते. मेलेल्या चिपकडे बघून ती व्होल्टेजने मेली की जन्मतःच अशक्त होती, हे सांगणं मोठ्या प्रयोगशाळेलाही सोपं नाही.

म्हणून मी काही गोष्टी सोडून द्यायला तयार आहे. क्लॉक वाढवलेल्या फोनची मुख्य चिप किंवा मदरबोर्ड मेला, बॅटरी फुगली, तर संशयाचा फायदा कंपनीला. ओव्हरक्लॉकिंगने झालं नाही हे मालकाने दाखवावं. ज्याने तापमानाचं नियंत्रणच बंद केलं त्याने तर तक्रार घेऊन जाऊच नये. तो रिले बांधणारा. लिथियमची बॅटरी पेटली तर फोन एकट्याचा राहत नाही, घर सगळ्यांचं असतं. पण पिन, बटणं, स्पीकर, स्क्रीनवरची जन्मजात रेघ, कॅमेऱ्यात शिरलेली धूळ, यांत चौकशीचा खर्च कसला? काउंटरवरच्या त्या मुलाची चौकशी अंगठ्यानेच झाली होती. जिथे संबंध लागूच शकत नाही तिथे वॉरंटी चालू, जिथे लागू शकतो तिथे तपासणी, एवढी यादी कार्डावर छापायला कंपनीला काय लागतं? ज्या कंपन्या चिपवर फ्यूज बसवू शकतात त्यांना कमाल व्होल्टेज, कमाल तापमान आणि तास नोंदवणारं खातं ठेवणं अवघड नाही. ते खातं मालकालाही वाचता यावं, म्हणजे भांडण बूटलोडरवर न होता आकड्यांवर होईल.

आणि बिलबुकाच्या बाबतीत मी भाच्याला एक उत्तर दिलं, जे त्याला अर्धंच पटलं. ओळ छापलेली आहे, पण दुसरीकडे उघडलेली मोटर आली तरी मी ती खोलून बघतो, मग बोलतो. तो म्हणाला, "मामा, तुम्ही बघता. तुमच्यामागे दुकानात जो बसेल तो नुसती ओळ वाचेल." जळगावच्या काउंटरवरचा मुलगाही ओळच वाचत होता, त्याचा काय दोष.

हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, कंपनीकडून ठरावीक मजकुराचं उत्तर आलं, पुढे जायला भाच्याला वेळ नव्हता. जळगावच्याच गोलाणी मार्केटमध्ये एका छोट्या काउंटरवर पिन बदलून मिळाली, अर्ध्या तासात. तिथल्या कारागिराने जुनी पिन चिमट्यात धरून भिंगाखाली दाखवली. एका बाजूचा सोल्डरचा डाग नीट बसलेलाच नव्हता. क्लॉक किती आहे असं त्याने विचारलं नाही.

बिलबुकं संपत आली होती, म्हणून परवा प्रेसवर नवा मजकूर दिला: "मोटर इतरत्र उघडली असल्यास आधी खोलून पाहिली जाईल. त्या कामामुळे झालेल्या बिघाडाची गॅरंटी नाही, बाकीची राहील." प्रेसवाला म्हणाला, एका ओळीत बसत नाही, दोन ओळी केल्या तर खालचं 'आज रोख, उद्या उधार' काढावं लागेल. मी म्हटलं, काढ. तसंही ते कोणी पाळत नाही.